खणून उभारलेला किल्ला: मॉट-अँड-बेलीचे अवशेष कसे वाचायचे

बायो टेपेस्ट्री या नावाने ओळखली जाणारी जवळजवळ ७० मीटर लांबीची एक कापडी पट्टी आहे. नाव टेपेस्ट्री असले तरी ते विणकाम नाही, भरतकाम आहे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ साली इंग्लंड कसे जिंकले, ती सगळी हकीकत लोकरीच्या धाग्यांनी तिच्यावर भरली आहे. त्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावरचे, हेस्टिंग्जमधले एक दृश्य येते. माणसे फावड्यांनी मातीचा ढीग रचत आहेत. त्यातले दोघे काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालत आहेत. वर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की हेस्टिंग्जला किल्ला खणावा असा हुकूम झाला. बांधावा असे नाही, खणावा असे.

त्या एका क्रियापदात या किल्ल्याची सगळी रीत आली. दगड, चुना, पाथरवट यांतले काहीही न वापरता, कुदळ, फावडे आणि कुऱ्हाड एवढ्यावर उभा राहणारा हा किल्ला. इंग्रजीत त्याला ‘मॉट अँड बेली’ म्हणतात. आज ब्रिटनमध्ये एखाद्या खेड्याच्या कडेला, चर्चच्या मागे किंवा गाड्या उभ्या करण्याच्या जागेशेजारी गवताने झाकलेले एक टेकाड दिसते. फलकावर ‘किल्ला’ असे लिहिलेले असते आणि पाहणारा विचारतो, की किल्ला कुठे आहे? किल्ला त्याच्या समोरच असतो. गेले आहे ते त्यावरचे लाकूड.

दोन भाग आणि त्यांची नावे

मॉट म्हणजे माणसांनी रचलेले, सपाट माथ्याचे, उलट्या घमेल्यासारखे टेकाड. त्याच्या माथ्यावर लाकडी कोट आणि आत लाकडी मनोरा. बेली म्हणजे या टेकाडाच्या पायथ्याशी असलेले, खंदक आणि बांधाने वेढलेले अंगण. घोड्यांच्या पागा, कोठारे, लोहारकाम, भटारखाना, प्रार्थनाघर, शिपायांची घरे हे सगळे बेलीत. मॉटला स्वतःचा खंदक, बेलीला स्वतःचा, आणि दोन्ही खंदक एकमेकांना मिळालेले. वरून पाहिले तर आकार साधारण इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो, एक वेटोळे लहान व उंच, दुसरे मोठे व बसके.

मराठी वाचकाला बालेकिल्ला आणि माची आठवेल. कामाची वाटणी खरोखरच तशी आहे. खालचा भाग पडला तर वर सरकायचे आणि तिथून झुंजायचे. पण आपल्या गडांना डोंगर आयता मिळालेला असतो. इथे तो टोपल्यांनी वाहून आणावा लागला.

आणखी एक शब्द आपल्याकडे आयता आहे. जाड खुंट एकमेकांना खेटून जमिनीत रोवले की जो कोट होतो, तो मेढेकोट. जंजिऱ्याच्या बेटावर दगडी किल्ला होण्याआधी रामपाटलाचा मेढेकोटच होता. नॉर्मन मेढेकोटाची कल्पना करायला तेवढा आधार पुरे.

इंग्रजीत पाण्याने भरलेल्या खंदकाला आज जो ‘मोट’ शब्द आहे, तो ‘मॉट’मधूनच आला. टेकाडाचे नाव घसरत घसरत खड्ड्याला चिकटले. त्यामुळे एक गैरसमजही पसरला, की अशा प्रत्येक किल्ल्याभोवती पाणी असायचे. बहुतेक खंदक कोरडे होते. कोरडा, खोल, चिखलाचा, निसरड्या उताराचा खंदक चिलखत घातलेल्या माणसाला पुरेसा जड जातो. आणि मातीच्या टेकाडाच्या पायथ्याशी पाणी साठवणे टेकाडासाठी किती घातक असते, ते पुढे यॉर्कच्या उदाहरणात दिसेल.

किती माती, किती माणसे

इंग्लंडमध्ये असे सुमारे ६०० किल्ले नोंदलेले आहेत. पुस्तकांतली छायाचित्रे विंडसर किंवा थेटफर्डसारख्या प्रचंड मॉटची असतात, म्हणून सगळेच तसे असावेत असे वाटते. प्रत्यक्षात किल्ल्यांचे अभ्यासक डी. जे. कॅथकार्ट किंग यांनी उंची माहीत असलेल्या मॉटची वर्गवारी केली, तेव्हा १० मीटरपेक्षा उंच फक्त ७ टक्के निघाले. २४ टक्के ५ ते १० मीटरमधले आणि उरलेले ६९ टक्के ५ मीटरपेक्षाही कमी. म्हणजे नेहमीचा मॉट दुमजली घराएवढासुद्धा नसतो.

एका मध्यम मॉटचा हिशेब करून पाहू. पायथ्याचा व्यास ३० मीटर, माथ्याचा १० मीटर, उंची ६ मीटर. छाटलेल्या शंकूच्या सूत्राने घनफळ येते सुमारे २,०४० घनमीटर, म्हणजे आपल्या मापाने ७२० ब्रास. तीन ब्रासचा डंपर धरला तर २४० खेपा. एका माणसाने दिवसभरात खणणे, वाहणे आणि धुमसणे मिळून एक घनमीटर काम उरकले असे धरू. मग ५० माणसांना ४० दिवस लागतात.

ही माती येते कुठून? भोवतीच्या खंदकातून. वर ८ मीटर रुंद, तळाशी अडीच मीटर, सव्वातीन मीटर खोल असा खंदक या टेकाडाभोवती फिरवला, की नेमकी तेवढी माती निघते. हे गणित या किल्ल्याचा गाभा आहे. खड्डा आणि टेकाड एकाच कामातून तयार होतात, आणि प्रत्येक मीटर खोदाईमागे शत्रूला चढावी लागणारी उंची दोन्हीकडून वाढते. आपल्या मॉटवर हल्लेखोर खंदकाच्या तळातून निघाला, तर त्याला सहा नव्हे, सव्वानऊ मीटर चढावे लागते.

उंची दुप्पट करायची म्हटली, की मात्र गणित फिरते. त्याच आकाराचा १२ मीटर उंच मॉट हवा असेल तर माती दुप्पट नाही, आठपट लागते, १६,००० घनमीटरच्या वर. थेटफर्डसारख्या मोठ्या मॉटला २४,००० मनुष्यदिवस लागले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उंच मॉट इतके थोडे का, याचे उत्तर या आठपटीत आहे. तेवढी माणसे कामाला जुंपण्याची ताकद राजाकडे किंवा एखाद्या बड्या सरदाराकडेच होती.

जुंपणे हाच शब्द बरोबर. कष्ट हरलेल्या लोकांचे होते. अँग्लो-सॅक्सन बखरीत १०६७ च्या सुमारास तक्रार आहे, की विल्यमची माणसे देशभर किल्ले उठवून गरीब रयतेला पिडत आहेत. शहरांत तर आधी घरे पाडावी लागली. विल्यमने १०८६ मध्ये करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या ‘डोम्सडे’ नोंदवहीत लिंकनमध्ये किल्ल्यापायी १६६ घरजागा गेल्याची नोंद आहे, केंब्रिजमध्ये २७. यॉर्कच्या सात वाड्यांपैकी एक पूर्ण वाडा किल्ल्यांखाली गेला.

नुसता ढीग टिकत नाही

वरच्या उदाहरणातल्या मॉटच्या उताराचा कोन ३१ अंश येतो, तो उगाच नाही. सुटी कोरडी माती ओतली की ती साधारण ३० ते ३५ अंशांवर स्वतःहून थांबते. त्याहून उभा उतार हवा असेल तर मातीला बांधून घ्यावे लागते, आणि इथे गवंडी नसलेल्या या कामातले खरे कसब दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे थर. बायोच्या पट्टीवर हेस्टिंग्जचा मॉट रंगीत आडव्या पट्ट्यांनी दाखवला आहे. ती सजावट असेल असे बरेच दिवस वाटे, पण कापलेल्या मॉटमध्ये खरोखरच थर सापडतात. चिकणमाती, मग मुरूम किंवा गोटे, पुन्हा चिकणमाती. नुसती चिकणमाती पाणी धरते, फुगते आणि सरकते. नुसता मुरूम ओघळतो. आलटून पालटून थर घातले, की मुरुमातून पाणी निथळते आणि चिकणमाती त्याला जागेवर धरून ठेवते. प्रत्येक थर धुमसून घट्ट केला, तरच पुढचा चढवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कडेची भिंत. पुष्कळदा आधी बाहेरच्या कडेने मातीचे कडे उभारत आणि मधली पोकळी भरत नेत. चकलीच्या सोऱ्यात पीठ भरावे तसे. शेवटी उतारावर चिकणमातीचा लेप किंवा मुळांसकट कापलेल्या गवताच्या चकत्या बसवत. गवत लागले की पाऊस माती धुऊन नेत नाही. लागले नाही तर पहिल्याच हिवाळ्यात ओहळ पडतात.

तिसरी अडचण कुठल्याही कसबाने पूर्ण सुटत नाही, ती म्हणजे माती बसणे. खणलेली माती सुटी होऊन जवळजवळ पाव-पट फुगते. धुमसून तिची हवा काढली तरी ती पुढे काही वर्षे दबत राहते. सहा मीटर उंचीत फक्त पाच टक्के बसली, तरी माथा ३० सेंटिमीटरने खाली येतो, आणि सगळीकडे सारखा येत नाही. लाकडी सांगाडा एवढी हालचाल सोसतो. सांधे थोडे कुरकुरतात, एखादी पाचर ठोकावी लागते. दगडी भिंत मात्र तडकते. पहिली शे-दीडशे वर्षे मॉटवर लाकूडच का दिसते, याचे एक कारण घाई हे आहे आणि दुसरे कारण हे.

माथ्यावर काय होते

सरे परगण्यातल्या अ‍ॅबिंजर इथल्या छोट्या मॉटचा माथा ब्रायन होप-टेलर यांनी १९४९ मध्ये उकरला. कडेने मेढेकोटाच्या खुंटांचे खळगे मिळाले. मध्ये जेमतेम साडेतीन मीटर चौरस मनोऱ्याच्या खांबांचे खळगे होते. एवढी लहान जागा राहायची असणे शक्य नाही. बहुधा तो उंच खांबांवर उभा केलेला पहाऱ्याचा माळा होता, आणि त्याखालची जागा मोकळी, म्हणजे माथ्यावर पहारेकऱ्यांना इकडून तिकडे पळता येई.

साउथ मिम्सला वेगळेच निघाले. तिथला मनोरा माथ्यावर नव्हता, तो मूळ जमिनीवरून उभा केला होता आणि माती नंतर त्याच्या भोवतीने रचली होती. फार्नहॅमला ११३८ नंतर तीच युक्ती दगडात केलेली दिसते. आतून मनोऱ्याचा पाया, बाहेरून माती. या पद्धतीत मातीच्या बसण्याचा प्रश्न येत नाही, कारण भार मातीवर नसतोच. बाहेरून मात्र हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. आत काय आहे ते खणल्याशिवाय सांगता येत नाही.

मोठ्या लाकडी मनोऱ्याचे सगळ्यात तपशीलवार वर्णन उत्तर फ्रान्समधल्या ‘आर्द्र’ नावाच्या गावातल्या लॅम्बर्ट या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. तिथला मनोरा लुई नावाच्या सुताराने १११७ च्या सुमारास बांधला. तळमजल्यावर कोठारे, पिपे, पेट्या. मधल्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या, भांडारघर, धनी आणि धनीणबाईंची मोठी निजायची खोली. त्याला लागून स्वयंपाकघर. वर मुलांच्या आणि पहारेकऱ्यांच्या खोल्या, आणि एका अंगाला कोरीव काम केलेले प्रार्थनाघर. लॅम्बर्टला ते सगळे भूलभुलैयासारखे वाटले.

वादविवादांबद्दल वाचणाऱ्यांना ‘मॉट अँड बेली’ हे नाव तर्कदोषाचे म्हणून माहीत असते. निकोलस शॅकेल या तत्त्वज्ञाने २००५ मध्ये ते वापरले. आवडीचा पण लंगडा मुद्दा म्हणजे बेली. अडचण आली की आसऱ्याला जायचे, ते सुरक्षित पण कोंदट ठिकाण म्हणजे मॉट. रूपक झकास आहे, पण आर्द्रचा मनोरा पाहिला की मॉटवर कोणी राजीखुशीने राहत नसे हा त्यातला भाग तेवढा खरा वाटत नाही.

पूल, म्हणजे सगळ्यात कच्चा दुवा

बेलीतून मॉटवर जायला तिरका लाकडी पूल असे. खंदकाच्या बाहेरच्या काठावरून निघून तो दोन-दोन, तीन-तीन खांबांच्या जोडण्यांवर चढत चढत थेट माथ्याच्या दारापर्यंत पोचे. फ्लँडर्समधल्या मेर्केम इथल्या अशा पुलाचे वर्णन ११३० च्या सुमारास लिहिलेल्या एका बिशपच्या चरित्रात आले आहे, आणि तेही पूल मोडला म्हणून. थेरुआनचे बिशप जॉन तिथे मुक्कामाला होते. त्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी पुलावर चढली. जवळजवळ ३५ फूट उंचीवर पूल तुटला आणि तुळया, फळ्या, माती-दगडांसह सगळे खंदकात गेले. कोणाला इजा झाली नाही, म्हणून चरित्रकाराने तो चमत्कार म्हणून नोंदवला. आपल्याला त्यातून पुलाची रचना कळते आणि तिची मर्यादाही. पाच-सहा शिपाई एका वेळी जावेत एवढ्याच भाराचा तो असावा.

आज यातले काहीच उभे नाही. तरी पुलाची जागा ओळखता येते. मॉटच्या बेलीकडच्या उतारात माथ्याजवळ एखादी खाच असते, किंवा खंदकाच्या काठावर मातीचा उंचवटा पुढे आलेला दिसतो. सध्याची पायवाट किंवा दगडी पायऱ्या म्हणजे मूळ वाट असे समजू नये. त्या बहुधा नंतरच्या बागकामातल्या असतात.

हेन डोमेन: एका बेलीवर ३२ वर्षे

मॉटकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण तो दिसतो. या किल्ल्यांबद्दल जे खरे कळले आहे, ते मात्र बेलीतून. आणि त्यात सगळ्यात वरचे नाव वेल्सच्या सरहद्दीवरच्या हेन डोमेनचे.

वेल्श भाषेत हेन डोमेन म्हणजे जुने टेकाड. मॉन्टगोमरी गावापासून जवळ, सेव्हर्न नदी पायी ओलांडता येण्याच्या एका महत्त्वाच्या जागेवर नजर ठेवून ते उभे आहे. श्रूजबरीचा अर्ल रॉजर द मॉन्टगोमरी याने १०७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा किल्ला उठवला. गावाला त्याचेच नाव मिळाले. १०८६ च्या डोम्सडेत त्याची नोंद आहे आणि १०९५ मध्ये वेल्श फौजेने तो घेतला. नंतर तो बॉल्डविन द बूलेरच्या घराण्याकडे गेला, म्हणून गावाचे वेल्श नाव अजूनही त्रेवाल्डविन, म्हणजे बॉल्डविनचे गाव. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच्या कड्यावर नवा दगडी किल्ला सुरू केला आणि जुने टेकाड मागे पडले. मागे पडले म्हणूनच वाचले. त्यावर कोणी दगडी बांधकाम केले नाही, शहर वसवले नाही.

फिलिप बार्कर यांनी १९६० मध्ये तिथे उत्खनन सुरू केले. नंतर रॉबर्ट हायम त्यांच्याबरोबर आले. काम १९९२ पर्यंत चालले आणि त्यात बेलीचा साधारण अर्धा भाग उघडला गेला. एवढा वेळ का लागला, ते समजून घेण्यासारखे आहे. लाकडी घर कुजले की मागे काय उरते? जमिनीत खोल रोवलेला खांब असेल तर खळगा उरतो. पण पुष्कळ घरे आडव्या तुळईवर उभी असत आणि ती तुळई जमिनीवर नुसती ठेवलेली. तिथे खळगाही नाही. उरते ती एवढीच खूण, की एका चौकोनात गोटे झिजलेले आणि शेजारच्या पट्टीत कोरे, किंवा पागोळ्यांचे पाणी पडून ओळीने उमटलेला चर. जुन्या पद्धतीने अरुंद चर खणले तर ही खूण हमखास निसटते. म्हणून बार्करनी मोठा पट्टा एकदम उघडला आणि वरचा एक-एक गोटा स्वच्छ करत खाली गेले.

त्यातून चित्र निघाले ते दाटीवाटीचे. पुस्तकांत बेली म्हणून मधोमध मोकळे हिरवे मैदान दाखवतात. हेन डोमेनची बेली इमारतींनी गच्च भरलेली होती. भोवती दुहेरी खंदक, दुहेरी बांध. आतली घरे पुन्हा पुन्हा पाडून बांधलेली. मॉटच्या खंदकात एकामागून एक बांधलेल्या पुलांच्या खुणा. इतक्या कामातून वस्तू मात्र फार थोड्या निघाल्या. ऐशआरामाची जवळजवळ एकही नाही. सरहद्दीवरचे ते कष्टाचे, काटकसरीचे ठाणे होते.

एक शोध मात्र किल्ल्याच्याही खालचा. बांधांच्या मातीखाली नांगरटीचे सरी-वरंबे जसेच्या तसे दाबलेले मिळाले. नॉर्मन येण्याआधी तिथे शेत होते. मॉट किंवा बांध म्हणजे जुन्या जमिनीवर घातलेले झाकणच. खालची माती, परागकण, नांगराच्या रेघा हजार वर्षे जशाच्या तशा राहतात. किल्ल्याच्या अभ्यासकांइतकाच शेतीच्या अभ्यासकांनाही मॉट मोलाचा वाटतो तो यामुळे.

कुजणे आणि जळणे

ओकचा खांब चांगला भक्कम, तरी जमिनीच्या रेषेपाशी ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे तो वीस-तीस वर्षांत खचतो. वरचे लाकूड टणक आणि पायाशी भुसा. त्यामुळे दर पिढीला कोट नव्याने बांधावा लागे. आग तर कायमचीच भीती. बायोच्या पट्टीवर दिनान किल्ल्याच्या दृश्यात दोन शिपाई पलिते घेऊन मेढेकोट पेटवत आहेत आणि वर ब्रिटनीचा ड्यूक कॉनन भाल्याच्या टोकावर किल्ल्या देतो आहे. उपाय म्हणून लाकडावर मातीचा गिलावा देत किंवा ओली कातडी टांगत.

मग दगड आला. पण भरावाच्या मातीवर भारी दगडी मनोरा चढवणे धोक्याचे. त्यावरची तडजोड म्हणजे माथ्याच्या कडेने नुसती गोल दगडी भिंत घालायची आणि आत हलकी लाकडी घरे ठेवायची. टॉटनेस आणि कार्डिफ इथे हा प्रकार चांगला दिसतो. ज्यांनी जड बांधकाम केले, त्यांना माती सोडत नाही. यॉर्कच्या मॉटवर ११९० मध्ये लाकडी मनोरा होता. त्या वर्षी शहरातल्या ज्यू लोकांनी जमावापासून जीव वाचवायला तिथे आसरा घेतला आणि सुमारे दीडशे जण तिथेच मेले. मनोरा जळाला. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीने त्या जागी दगडी मनोरा बांधवला, आजचा क्लिफर्ड्स टॉवर. खंदकात फॉस नदीचे पाणी अडवून घेतलेले. पायथा भिजत राहिला, माती खचली आणि १३५८ च्या सुमाराच्या पाहणीत मनोरा वरपासून खालपर्यंत दोन ठिकाणी तडकलेला आढळला. ती भेग आजही दाखवतात. विंडसरचा गोल मनोराही मॉटवरच आहे, आणि तो मॉट खडूच्या दगडाच्या भरावाचा. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या पायाला नव्याने आधार द्यावा लागला.

जागेवर जाऊन वाचताना

लंडनहून सर्वांत सोपा नमुना बर्कमस्टेडचा. यूस्टनहून गाडी पकडली की स्टेशनला लागूनच किल्ला आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. इथे दुहेरी खंदकात पाणी होते, म्हणजे वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद. डिसेंबर १२१६ मध्ये फ्रान्सच्या राजपुत्र लुईने वेढा घालून तो घेतला होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या भरावाने बाहेरच्या दाराची जागा गिळली. तो कोपरा पाहताना कुठली माती नॉर्मनांची आणि कुठली रेल्वेची, हे ठरवणे हाच चांगला अभ्यास.

दुसरीकडे जाण्याआधी नकाशा पाहावा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर प्राचीन वास्तूंची नावे जुन्या धाटणीच्या अक्षरांत छापतात आणि उतार छोट्या रेघांनी दाखवतात. गावातली नावेही बोलतात. इंग्लंडमध्ये ‘कॅसल हिल’, ‘माउंट’, ‘टंप’, वेल्समध्ये ‘तोमेन’, ‘डोमेन’, ‘टूट’. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे लायडार सर्वेक्षण इंग्लंडसाठी मोफत मिळते. विमानातून सोडलेल्या लेसरने जमिनीची उंची मोजलेली असते आणि झाडे गाळून टाकता येतात. सावलीचे चित्र काढताना प्रकाश एकाच दिशेने ठेवू नये. त्या दिशेला समांतर धावणारा बांध चित्रात नाहीसा होतो. दोन-तीन दिशा बदलून पाहाव्यात.

प्रत्यक्ष भेटीला जानेवारी ते मार्च उत्तम. गवत आखूड असते, झाडांना पाने नसतात आणि सूर्य कलता असल्याने हातभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो. आधी मॉटवर चढू नये. बाहेरून पूर्ण फेरी मारावी आणि खंदक कुठे अडतो, कुठे दुसऱ्या खंदकाला मिळतो ते पाहावे. बेली बहुधा त्या मिळण्याच्या बाजूला असते. नंतर बेलीच्या कडेने बांध शोधावा. नांगराने तो फुटभर फुगवट्याइतका उरलेला असतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात भरलेल्या खंदकावरचे गवत जास्त वेळ हिरवे राहते, त्यावरून त्याची रेघ कळते. शेवटी मॉट. डोळ्यांना दिसणारी उंची मूळ उंची नसते. माथ्याची कड झिजून खाली आलेली असते आणि खंदक त्याच मातीने भरलेला असतो. आज मीटरभर खोल दिसणारा खंदक मुळात तीन-चार मीटर असू शकतो. तळ ओला असेल तर उत्तम, कारण ओल्या, हवाबंद गाळात लाकूड, चामडे, बिया टिकतात. जर्मनीतल्या हुस्टरक्नुप इथे अशाच ओलीमुळे लाकडी इमारतींचे खालचे भाग मिळाले, आणि सपाट वस्ती टप्प्याटप्प्याने भर घालत उंच मॉट कशी झाली ते उलगडले. ती जागा पुढे कोळशाच्या खाणीत गेली.

प्रत्येक गोल टेकाड मॉट नसते. माथा सपाट नसून घुमटासारखा असेल आणि शेजारी बेली नसेल तर ते प्राचीन दफनाचे टेकाड असण्याची शक्यता जास्त. पवनचक्कीसाठी केलेले टेकाड लहान असते आणि माथ्यावर फुलीच्या आकाराचा खळगा ठेवते. मोठ्या हवेल्यांच्या बागांत देखाव्यासाठी केलेली टेकाडेही आहेत, त्यांना वळणावळणाची वाट असते. मध्ये टेकाडच नसेल, नुसते गोल कडे असेल, तर तो निराळा किल्लाप्रकार.

उलटही होते. यॉर्कशरमधल्या स्किप्सीचा १३ मीटर उंच मॉट नॉर्मन सरदार ड्रोगोचा म्हणून सगळे मानत. २०१६ मध्ये त्यातून काढलेल्या मातीच्या नळकांड्यांतल्या सेंद्रिय अवशेषांची कालगणना आली. टेकाड लोहयुगातले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे निघाले. विल्टशरमधला मार्लबरो माउंट तर इ.स.पू. २४०० च्या आसपासचा, हे २०११ मध्ये ठरले. नॉर्मनांनी आयते टेकाड घेतले आणि वर मनोरा ठोकला. ५० माणसांचे ४० दिवस वाचतात म्हटल्यावर कोणीही तेच केले असते.

आजचे शत्रू साधे आहेत. ससे आणि बिज्जू उतार पोखरतात. मेंढ्या एकाच रेषेत चालून पायऱ्या पाडतात आणि पाणी त्याच पायऱ्यांतून वाट काढते. मोठे झाड वादळात उन्मळले की मुळांबरोबर मातीचा मोठा गठ्ठा आणि त्यातले थर उपटले जातात. झाड तोडायचे तर बुंधा जमिनीलगत कापून मुळे आतच कुजू द्यायची, उपटायची नाहीत. पायवाट उघडी पडली तर भरावाला बाहेरची माती वापरताना खाली जाळीदार कापड अंथरतात, म्हणजे जुनी माती कुठे संपते ते पुढे खणणाऱ्याला कळते.

यातले पुष्कळ मॉट १९७९ च्या कायद्याने संरक्षित आहेत. तिथे परवानगीशिवाय खणणे गुन्हा, धातुशोधक यंत्र फिरवणेही गुन्हा. बिज्जूच्या बिळाबाहेर खापर दिसले तर उचलायचे नाही. शेजारी नाणे ठेवून जवळून एक आणि टेकाड दिसेल असा लांबून एक फोटो घ्यायचा, नकाशावरचा संदर्भ टिपायचा आणि त्या परगण्याच्या पुरातत्त्व नोंद कार्यालयाला कळवायचे. खापर कुठल्या उतारावर, किती उंचीवर पडले होते, यावरून ते मॉट रचण्याआधीचे की नंतरचे याचा अंदाज बांधता येतो. खिशात घालून आणलेल्या खापरावरून तो बांधता येत नाही.